लाल दोऱ्याचा पेनड्राइव

माहा लहान भाऊ लच्छू गेला. त्याच्या गावात लोकं त्याच्याबद्दल जे बोलत होते थे आयकून कान पिकले होते, म्हनून मी शकुबाई हे लिहून राह्यली. चवथी शिकली मी, चुकलं तं समजून घ्या.

लच्छू त्याच्या ग्रामसभेचा सचिव होता. जंगलावर गावाचा हक्क दाखवाले त्यानं नाले, पहाड मोजून नकाशा केला, म्हाताऱ्याइचे जबाब मोबाइलात बोलते घेतले. त्यातले पाच म्हातारे आता नाईत. माहा बापई त्यातलाच.

दर मंगळवारी थो आमच्या गावच्या बाजारात ये. भाजी मंग, पहिले माह्या घरी. एक पेनड्राइव देऊन जाय, मागच्या हप्त्याचा घेऊन जाय. एकाले लाल दोरा, एकाले पांढरा. "बाई, कोनाले सांगू नोको." मी मिरचीच्या डब्यात ठेवून देत होती.

माहे मालक मुखरू चिडत. "साळा काय आनून ठेवते इथी? पोलिस क्यांपवाले आले तं मले नेतीन, त्याले नाई!"

मलेई शक होताच. एकदा इचारलं, "काऊन रे, तुह्या गावात जागा नाई का?"

"एक कंप्युटरात, एक माह्या खिशात. गावाले आग लागली तं दोन्ही जातीन. म्हनून तिसरी तुह्याकडे."

"अन् डब्यातलं रिकामं निंघालं तं?"

थो हासला. तवापासून महिन्यातून एकदा झेराक्सवाल्या लियाकतभाऊच्या दुकानात मले नेऊन उघडून दाखवे. उघडून पायल्याशिवाय त्याचा कशावरच भरोसा नोयता, माह्या डब्यावरई नाई. बापाचा आवाज आयकवतो म्हने. मी नाई म्हनत होती.

श्रावनात सोमवारी ग्रामसभेच्या हापिसावर वीज पडली, कंप्युटर जळला. मंगळवारी लच्छू माह्याकडे निंघाला. नाल्याच्या रपट्यावरून पानी जाऊन राह्यलं होतं. गाडी सापडली, थोई सापडला. खिशातला पांढरा दोरा सापडला नाई.

तेरवीच्या पंगतीत बाया माह्यामांगं बोलत होत्या, "कंप्युटर जळला अन् दुसऱ्याच दिवशी हा सगळं घेऊन कुठी चालला होता? इकलं असन कोनाले." समोर त्याचा फोटो.

ग्रामसभेचे अध्यक्ष गोपालभाऊ जवळ येऊन बसले. लय गोड बोलले. "बाई, लच्छूनं तुमच्याकडे काई ठेवलं का? शुक्रवारी गडचिरोलीले जंगलाच्या हक्काची सुनावनी आहे."

येवढं गोड काऊन बोलते हा मानूस? म्या म्हनलं, "नाई."

दोन दिवस जेवन गेलं नाई. लच्छू चोर ठरून राह्यला होता, अन् थो चोर नोहे हे माह्या डब्यात पडून होतं. बुधवारी डबा घेतला, लियाकतभाऊले लॅपटॉपसंगं घेतलं, सरळ ग्रामसभेत गेली. गोपालभाऊले म्हनलं, "सगळ्याइले बलवा. सगळ्याइच्या समोर उघडन."

नकाशा उघडला. मंग लियाकतभाऊनं कायतरी दाबलं, अन् माहा बाप बोलाले लागला. खोकलला, अन् म्हने, "लेका, चालू झालं का हे?" मंग नाल्याचं नाव, खडकाचं नाव, आंजनाच्या झाडाचं नाव. बाया खाली पाहू लागल्या.

गोपालभाऊनं हात पुढं केला. "द्या बाई, आता ग्रामसभेत ठेवतो."

"कॉपी करून घ्या. हे माह्याच डब्यात राहीन. दर मंगळवारी दुसरा घेऊन या, उघडून दाखवा, मंग हा न्या."

"आमच्यावर शक आहे का, बाई?"

"हो," म्या म्हनलं. "लच्छूची बहीन आहो."

मंगळवारी गोपालभाऊ आले. म्या पहिले लियाकतभाऊच्या दुकानात नेलं.