नहरीच्या वरचं वावर

आमच्या नहरीचं गेट उघडायला एक म्हातारा यायचा. नाव मी कधी विचारलंच नाही, बघा. गेट उघडलं की पहिलं पाणी कपाळाला लावायचा, मग दोन पिपे भरून चढ चढायचा. त्याचं गाव धरणात बुडालेलं. बदल्यात मिळालेलं वावर नहरीच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी चढतच नाही.

एकदा मी म्हटलं, "काऊन जी भाऊ, दोन पिप्यानं तूर जगते का?"

"नाई जगत, बाई. पण हे पाणी माह्या जुन्या वावरावरूनच येते. त्याले नवं वावर दाखवून आणतो."

तो हसला. मला नाही हसता आलं. तो पिपे घेऊन वर निघाला, अन् मी दांड फोडून त्याच्या गावावरचं पाणी माझ्या हरभऱ्यात घेतलं.