विटाळाची मिरची

आणे गावच्या सरूबाईंच्या परसात मिरचीची पानं होडीसारखी वर वळली, तेव्हा त्यांनी निदान करायला वेळ घेतला नाही. सुनेचा विटाळ.

"आत्याबाई, पान उलटून तरी बघा," तेजस्विनी म्हणाली. "खाली बारीक किडं असत्यात."

"किडं न्हाईत. तुझी सावली पडली."

मग पाळीच्या दिवसांत सून घरात नको, वाफ्याजवळ तर नकोच. तिचं अंथरूण मागच्या सरपणाच्या छपरात पडू लागलं. गेल्या पावसाळ्यात तिथंच तिला साप चावला. जुन्नरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली.

यंदा रोपं सरूबाईंनी स्वतः लावली, पाणीही स्वतःच घातलं. त्यांची पाळी तर कधीच गेलेली. तरी पानं वळलीच.

त्या वाफ्यात बसल्या. मग एक शेंडा वाकवून त्यांनी तळहातावर झटकला. सुईच्या टोकाएवढे पिवळे किडे हातावर सैरावैरा पळाले.

कुंपणापलीकडून शेजारच्या सखूबाईंनी विचारलं, "मिरचीला काय झालं वो?"

सरूबाईंनी मूठ घट्ट मिटली.

"नजर लागली कुणाची तरी," त्या म्हणाल्या.