पेवाच्या तोंडाशी पाणी

परवा पावसात अंगणातलं ज्वारीचं पोतं भिजलं. सकाळी त्याचा आंबूस वास आला अन् मला धाकट्या भावाची, दत्तूची, आठवण झाली.

वाटणीनंतर आमी दोघांनी अंगणाच्या मधोमध भिंत घातली. उतार त्याच्या बाजूला, ओढ्याकडं. पण भिंतीत मोरी ठेवली न्हाई. त्याला माझं पाणी नको होतं अन् मला त्याचे उपकार.

त्या पावसाळ्यात एका दुपारी रस्त्याचं पाणी दारातून आत शिरलं. रस्ता उंच, मागं भिंत, पाणी जाणार कुठं? अंगणात पेव होतं. जमिनीखालच्या त्या खड्ड्यात वर्षाची ज्वारी. पाणी त्याच्या तोंडाला टेकत आलं. गुडघाभर पाण्यातून बायको ओरडली, "आवो, भाऊजीला हाक मारा की! लेकरं काय खातील?"

"मेलो तरी न्हाई मारणार," मी म्हणलो. कुदळ हातात होती, पण भिंतीवर घालवंना.

तेवढ्यात पलीकडून घाव बसले. दत्तू ओरडला, "दादा, बाजूला सर! तुझा ताठा राहू दे, ज्वारी वाचव!"

भगदाड पडलं. पाणी त्याच्याकडं गेलं अन् त्याची चूल बुडाली. आमची ज्वारी वाचली.

बायकोनं त्या नवराबायकोला आमच्यातच जेवायला बसवलं. मी काही मागितलं नव्हतं, हे आजबी सांगतो. ते आत भाकरी खात होते अन् मी ओसरीवर पाठ करून बसलो होतो. दत्तूनं आतून विचारलं, "दादा, येतोस का?"

भूक लई लागली होती, पण उठता येईना. तवा मी त्याला इज्जत म्हणत होतो.