चमचाभर कच्ची माती

माझ्या भाचीइतकी मातीची हावरी बाई अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरी नसेल, हे मी तिच्या तोंडावर सांगते आणि ती खुशाल हसते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते, पण पर्समध्ये कंगवा सापडायचा नाही. चमचा आणि चिठ्ठ्या लावलेल्या पिशव्या सापडतील. मानोऱ्याच्या लग्नात इकडे अक्षता पडत होत्या आणि ही पदर खोचून मांडवामागच्या उकिरड्यापाशी उकिडवी. वरपक्षाला वाटलं, बाईची अंगठी हरवली. चार पाहुणे तिच्याबरोबर शोधायला बसले. माझ्याकडे आली की म्हणते, ओटीत नारळ नको, गोठ्यामागची माती घाल. मातीतले काही जंतू दुसऱ्या जंतूंना मारतात, त्यांच्यापासून नवं औषध काढायचं, कारण जुन्या औषधांना जंतू आता जुमानत नाहीत, असं तिनं मला भाकरी थापता थापता समजावलंय.

हे वेड तिला आईपायी लागलं. तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण, अनसिंगची अक्का. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या ती पितळी डब्यात टाकायची, आणि गल्लीत कोणी शिंकलं की मायेनं दोन-दोन वाटायची. मीही घेतल्यात. मग एकदा वावरात कापलेल्या तुरीचा टोकदार खुट तिच्या पायात शिरला. जखम चिघळली, तपासणी झाली, तर एकही औषध त्या जंतूला लागू पडेना. अशा अर्ध्यामुर्ध्या गोळ्यांनीच जंतू निर्ढावतात, असं डॉक्टर म्हणाले. अक्का त्यातच गेली.

वर्षभरानं भाचीनं अक्काच्या वावरातली माती मागितली. मी जीव लावून खडे निवडले, चाळली, आणि किडे लागू नयेत म्हणून कढईत रव्यासारखी खमंग भाजून पाठवली. तिचा फोन आला.

“मावशी, भाजली काय वं? मले त्यातले जीवच तर पायजे होते.”

हसत सुटली ती, आणि हसता हसता रडायला लागली. अक्का गेल्यापासून पहिल्यांदाच. मग इकडे मीही.

दुसऱ्यांदा कच्ची पाठवली. तिनं फोटो दाखवला: काचेच्या ताटलीत त्या मातीतल्या जंतूंचा पांढरा ठिपका, त्याभोवती स्वच्छ कडं, आणि बाकीचे जंतू त्या कड्याबाहेरच थांबलेले. मी विचारलं, झालं का औषध? तर म्हणे, लय वर्षं लागतात, आणि असे बहुतेक ठिपके मधातच, अर्ध्या वाटेवर, वाया जातात.

“मंग कायले एवढी वणवण करून राह्यली?”

“आईनं ज्यायले गोळ्या वाटल्या, ते सारे हायेत ना अजून,” ती म्हणाली. “तू बी हायेस, मावशी.”

अक्काचा पितळी डबा आता माझ्याकडे असतो. भाची यायची असली की त्यात गोठ्यामागची माती भरून ठेवते. भाजत नाही.