पायाखालचा कागद

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये यशया भिंगारदिवेने बावीस वर्षं कामगारांचे बूट शिवले. सात नंबर, आठ नंबर, नऊ नंबर. माणसाने आपला पाय त्यातल्या एका नंबरात कोंबायचा आणि गप कामाला लागायचं. ती नोकरी सुटली तेव्हा त्याने सावेडीत घराच्या पडवीत मशीन मांडलं आणि ठरवलं, आता आधी पाय बघायचा, मग चामड्याला कात्री लावायची.

गंमत अशी, की गिऱ्हाइकं येऊ लागली ती मोबाईलवरून. कोणी नांदेडचं, कोणी गोव्याचं, आणि पाय काही यशयाला दिसेनात. मग त्याने सगळ्यांसाठी एकच सूचना रेकॉर्ड करून ठेवली. संध्याकाळी, दिवसभर वावरून झाल्यावर, कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं. दुसऱ्याने पेन्सिल सरळ धरून पायाची कड आखायची. फोटो नको, तोच कागद पाकिटात घालून पाठवायचा. त्याची बायको सिल्व्हिया म्हणायची, एवढ्या अटी तर लग्न ठरवतानाही कोणी घालत नाही.

श्रीगोंद्याकडच्या रंभाजी गुरुजींचा कागद असाच आला होता. निवृत्त शिक्षक, साखरेचा आजार, पायांतली जाणीव गेलेली. गेल्या वर्षी सँडलचा पट्टा करंगळीला घासत राहिला आणि गुरुजींना पत्ताच लागला नाही. कळलं तेव्हा करंगळी काढावी लागली. वर्षभर माणूस ओट्यावर बसून. घराजवळच ऊस, पण तोडणीनंतर उरलेल्या धारदार बुडख्यांतून त्यांनी चालायचं कसं? डॉक्टरांनी बजावलं होतं, नेमक्या मापाचा बंद बूट असेल तरच शेतात जा. पुन्हा जखम झाली तर आता बोटावर भागणार नाही, पाऊल जाईल. हे सगळं त्यांच्या सुनेने, दीपाने, फोनवर सांगितलं होतं. यशयाने मऊ अस्तराचे, घोट्याच्या वर येणारे बूट जीव ओतून शिवले आणि चार दिवसांपूर्वी पार्सल रवाना केलं.

गुरुवारी सकाळी दुसऱ्याच कोणाचा तरी कागद आला. मळका, बोटांचे घामट डाग पडलेला, मधोमध फरशीच्या फटीची रेघ उमटलेली.

"काय हे ध्यान," सिल्व्हिया नाक मुरडत म्हणाली. "त्या गुरुजींचा कागद कसा कोरा करकरीत होता."

यशया हसला. शिकलेल्या घरातला कागद म्हणून त्यानेच तो तिला कौतुकाने दाखवला होता. मग त्याचं हसू ओठांवरच थांबलं.

त्याने फाईल काढून दोन्ही कागद शेजारी ठेवले. गुरुजींच्या कागदावर पेन्सिलीची रेघ होती, बाकी काही नव्हतं. घाम नाही, सुरकुती नाही, जमिनीची खूण नाही. या कागदावर कोणी उभंच राहिलं नव्हतं. पाय अधांतरी धरून माप घेतलं होतं, आणि भार पडला की पाऊल पसरतं, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. राग आला तो स्वतःचाच. खूण डोळ्यांसमोर होती आणि आपण कौतुक करत बसलो.

त्याने फोन लावला. दीपा सासऱ्यांना मामा म्हणायची. ती म्हणाली, मामा सकाळी सातलाच नवे बूट घालून उसात गेलेत, वर्षाने गेलेत, लई खुशीत होते. यशयाने घाईघाईने सांगितलं तशी ती मोबाईल घेऊन पळत सुटली. तिच्या धापा ऐकत तो पडवीत उभा राहिला. मग गुरुजींचा आवाज आला.

"लई झकास बसलेत, यशयाभाऊ. पायात हायेत का न्हाई, तेबी कळत न्हाई."

दुसरं कोणी असं म्हणालं असतं तर यशयाने दिवसभर मिरवलं असतं. पण गुरुजींच्या पायांना काही कळतच नव्हतं. त्याने बूट काढायला सांगितलं. गुरुजी चिडले, बूट काढून या बुडख्यांतून अनवाणी घरी कसा जाऊ, म्हणाले. त्यांचंही खरं होतं. बूट घालावे तर आत धोका, काढावे तर बाहेर.

"बांधावर बसा, पाय टॉवेलावर ठेवा, मी येईपर्यंत उठू नका," यशया म्हणाला. "माझी चूक झालीय, गुरुजी."

शिक्षकाला चूक कबूल करणारा माणूस आवडतो. गुरुजी बसले. दीपाने बूट-मोजे काढले आणि बारीक आवाजात सांगितलं, करंगळीच्या जागेशेजारी फोड आलाय; फुटलाय का, ते नीट दिसत नाही.

स्कूटरवर दीड तासाचा रस्ता. पुढे उसाच्या ट्रॉल्या, त्या ओलांडू देत नव्हत्या. एकाचं पाऊल आपल्या हातून जातंय, एवढंच यशयाच्या डोक्यात होतं. प्रभू, फुटू देऊ नको, असं तो सारखं पुटपुटत होता.

बांधावर पोचताच त्याने गुडघे टेकून पाय हातात घेतला. फोड हरभऱ्याएवढा होता, पण कातडी शाबूत होती. त्याचा जीव भांड्यात पडला. मग दीपाने डोळे पुसत सांगितलं. मामा कागदावर पाय ठेवायलाच तयार नव्हते. ते खाटेवर बसले आणि तिने तळव्याला कागद लावून कड आखली.

"छत्तीस वर्षं पोरांना सांगितलं, कागदाला पाय लावू नका," गुरुजी खाली मान घालून म्हणाले. "आता मीच त्याच्यावर उभा राहू व्हय?"

यशयाने त्यांना तसंच स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. फोड वाळायला दहा दिवस लागले, आणि ते दहाही दिवस दीपाच्या फोटोची वाट बघत यशयाला जेवण गोड लागलं नाही.

अकराव्या दिवशी तो पुन्हा गेला. या खेपेला त्याने फरशीवर कागद नाही, कमावलेल्या चामड्याचा तुकडा अंथरला. गुरुजी त्याच्याकडे बघत राहिले आणि दीपाच्या खांद्याला धरून त्यावर उभे राहिले. रेघ पूर्ण झाली. जुन्या मापाहून पेन्सिलीच्या जाडीएवढी रुंद भरली, तीही दोन्ही बाजूंनी.

गुरुजी बाजूला झाले, वाकले, चामड्याला बोटं टेकवून त्यांनी ती कपाळाला लावली.

यशया गोंधळला. चामड्याचं काम करणाऱ्याच्या हातचं पाणी न घेणाऱ्यांच्या गोष्टी त्याने आजोबांकडून ऐकल्या होत्या. हे कधी पाहिलं नव्हतं.

"गुरुजी, ते चामडं आहे."

"ठावं हाय," गुरुजी म्हणाले. "पण तुमी लिवता ते याच्यावरच न्हवं?"

बूट यशयाने दुसऱ्या चामड्याचे शिवले. गुरुजी ते घालून रोज उसात जातात आणि दीपा संध्याकाळी पाय तपासून फोटो पाठवते. मापाचं ते चामडं सावेडीत मशीनच्या वर खिळ्याला टांगलेलं आहे, आणि त्याला यशयाने अजून कात्री लावलेली नाही.