अण्णांनी लिहायला लावलेली चूक

राजाजीनगरचे अण्णा मलेरियाच्या जंतूंबद्दल बोलत ते खोडसाळ भाडेकरूंबद्दल बोलावं तसं. "फाल्सिपेरम दांडगट, सरळ जीव घेतो. व्हायवॅक्स मुळमुळीत. गेला म्हणतेस, पण तो यकृतात दडी मारून बसतो. दोन महिन्यांनी पुन्हा ताप." आमच्या बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या काचा तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता.

मी पुण्याहून आलेली, गणिताचा तोरा मिरवणारी. दोन्ही जंतू एकाच भागात असले तर एकमेकांचं काय करतात, याचं मॉडेल बांधत होते. जुन्या नोंदींत दोघे एकाच रुग्णात जवळजवळ सापडतच नव्हते. मी ठरवून टाकलं, फाल्सिपेरम व्हायवॅक्सला हुसकावतो. म्हणजे फाल्सिपेरमच्या रुग्णांना यकृतातल्या जंतूचं औषध द्यायची गरज नाही. माझे मार्गदर्शक सर खूश, पेपर तयार.

जेवताना अण्णांना हे ऐकवलं. चित्रान्नाचा घास त्यांच्या हातातच राहिला. "स्वल्प थांब गं. ते हुसकावत नाहीत. मीच बघायचं थांबवत होतो."

काचेवर फाल्सिपेरम दिसला की तेवढंच लिहून ते पुढची काच घेत. बाहेर रुग्ण ताटकळलेले, औषध लगेच सुरू व्हायला हवं, आणि तपासणीच्या फॉर्मवर जंतूसाठी रकानाही एकच. दुसरा जंतू कुणी शोधलाच नव्हता.

माझं डोकंच फिरलं. वर्षभराचं काम पाण्यात गेलं होतं. "इतकी वर्षं गप्प का बसलात?" मी फाडकन विचारलं. आज आठवलं तरी लाज वाटते.

"सुचलं नाही," ते म्हणाले. "आता कळलंय, तर माझ्या घाईपायी कुणाला पुन्हा ताप यायला नको."

निवृत्तीला तीन महिने होते. तेवढ्या अवधीत त्यांनी जपून ठेवलेल्या काचा एकेक करून पुन्हा तपासल्या. कित्येकींत दोघेही सुखाने नांदत होते. माझं मॉडेल आडवं झालं. मी ते नव्याने बांधायला घेतलं.

"नोंदी अपुऱ्या होत्या, एवढंच लिहू," सर म्हणाले. अण्णा ऐकेनात. "कुणाकडून, कशी चूक झाली, सगळं लिही. माझं नाव घाल. नाहीतर पुढचाही तिथंच ठेचकाळेल."

पेपर छापून आला त्याआधीच अण्णा गेले. प्रत घेऊन मी त्यांच्या घरी गेले, लेखकांत त्यांचं नाव दाखवलं. त्यांच्या पत्नीने, आम्हा सगळ्यांच्या अक्कांनी, नावावरून बोट फिरवलं.

"आणि चूक कुठे लिहिलीय? ती वाचून घे म्हणून सांगून गेलेत."

मी तो परिच्छेद काढून मराठीत सांगू लागले. अक्का मी संपवेपर्यंत हलल्या नाहीत.

"सरी, ठीक झालं," त्या म्हणाल्या. "आता त्यांना झोप लागेल."