सरूबाईंच्या मसणवट्याची नोंद

"मॅडम, तुमी आधी इकडं या. प्रेत उचलायचं हाय आन् वाट बंद हाय."

पोलीस पाटील नामदेवराव फोनवर एवढंच बोलले. सकाळचे साडेआठ वाजले होते. मी स्कूटी ऑफिसकडे न नेता थेट बौद्धवस्तीकडे वळवली.

मी या गावची ग्रामसेवक. सरकारनं आता पदाचं नाव बदललंय, पण गावात मला अजून ग्रामसेवक मॅडमच म्हणतात. वारलेल्या बाई म्हणजे सरूबाई. अंगणवाडी सेविका म्हणून रिटायर झालेल्या. अर्धं गाव त्यांच्या अंगणवाडीत बसून मोठं झालेलं.

वस्तीचा मसणवटा ओढ्याकाठी आहे. तिकडे जायची वाट बापूरावांच्या रानातून जाते. त्या वाटेवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या आणि ज्वारी पार मसणवट्याला भिडवून पेरली होती. बापूराव बांधावर उभे होते. ते चिडलेले असते तर मला समजूत घालता आली असती. ते शांत होते.

"माझ्या सात-बाऱ्यावर कुठं मसणवटा लिवलाय का? कुठं वाट लिवलीय का?" ते म्हणाले. "कागद दावा मॅडम. तोंडी न्हाई."

नामदेवरावांनी मला बाजूला घेतलं. सरूबाईंचा मुलगा गौतम माजलगावकडे ऊसतोडीला गेलेला. त्याला पहाटेच कळवलं होतं. तो आणि त्याच्या टोळीतली तीसेक माणसं टेम्पोनं निघाली होती. दुपारपर्यंत पोचतील. वस्तीत त्या घडीला म्हातारी माणसं आणि बायाच जास्त. पण त्यांचंही ठरलं होतं. वाट मिळाली नाही तर प्रेत ग्रामपंचायतीच्या दारात ठेवायचं. सरपंच ताई स्वतः तोडीवर, कर्नाटकात. म्हणजे दारात उभी राहणार मी एकटी.

मी ऑफिस उघडलं. ग्रामपंचायतीकडे एक रजिस्टर असतं, त्यात गावाच्या मालकीचं सगळं लिहिलेलं असतं. शाळेची जागा, विहीर, रस्ते, स्मशानभूमी. त्यात स्मशानभूमी एकच होती, गावच्या वरच्या अंगाची. वस्तीच्या मसणवट्याची नोंदच नव्हती.

बीडीओ साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, रजिस्टरला नाही तर आपण काय करणार, वरच्या स्मशानभूमीत न्यायला सांगा. मी सांगितलं, यांची माणसं पिढ्यान् पिढ्या ओढ्याकाठीच आहेत, ते ऐकणार नाहीत आणि मी तसं म्हणणारही नाही. साहेबांनी पोलिसांना कळवायला सांगितलं आणि मीटिंगला गेले.

कपाटातल्या फायली काढायला लागले. काय शोधतेय ते मला माहीत होतं. ते सापडू नये असंही वाटत होतं. तिसऱ्या गठ्ठ्यात सापडलं. सरूबाईंचा अर्ज. त्यांच्याच गोल, सुबक अक्षरात: आमच्या मसणवट्याची व वाटेची नोंद घ्यावी, सोबत जुना कागद जोडला आहे. कोपऱ्यात माझा शेरा होता, "मोजणीनंतर कार्यवाही करावी." खाली माझी सही. अडीच वर्षांपूर्वीची. मधल्या काळात बाई तीनदा विचारायला आल्या होत्या. मोजणी मागवायचं काम माझंच होतं. मी ती मागवलीच नव्हती.

जोडलेला कागद उर्दूत होता. निजामाच्या राज्यात आमच्याकडची जमिनीची दप्तरं उर्दूतच लिहायचे. मला ते वाचता येत नाही, म्हणून तेव्हा बाजूला ठेवलं होतं. आता फोटो काढून कादरी सरांना पाठवला. ते तालुक्याच्या गावी उर्दू शाळेत शिक्षक होते. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला.

"बाई, यात मरघट लिहिलंय. म्हणजे मसणवटा. रास्ता पण लिहिलाय. पण सर्व्हे नंबरावर घडी पडलीय. उर्दूत सात म्हणजे वर तोंड केलेला कोन आणि आठ म्हणजे खाली तोंड केलेला. इथं दोन्ही वाचता येतं. असल कागद पाहिजे."

सात म्हणजे बापूरावांचं रान. आठ म्हणजे ओढ्यापलीकडचं, दुसऱ्याचंच. मी तालुक्याला निघाले. जाताना अर्ज पर्समध्ये घातला.

भूमी अभिलेखच्या क्लार्कनं नेहमीचं उत्तर दिलं. अर्ज करा, आठ दिवसांनी नक्कल मिळेल. हेच वाक्य मी कितीतरी लोकांना ऐकवलंय. काउंटरच्या अलीकडे उभं राहून ते फार वेगळं ऐकू येतं. शेजारीच तहसील. नायब तहसीलदार तरुण होते, ऐकून घेतलं आणि स्वतः उठून माझ्याबरोबर रेकॉर्ड रूममध्ये आले. कादरी सरही रिक्षानं पोचले. धूळ झटकून बस्तं, म्हणजे जुन्या दप्तराचं गाठोडं, सोडलं. अर्धा तास गेला. तेवढ्यात नामदेवरावांचा फोन आला, टेम्पोनं गेवराई ओलांडलं, आता फार वेळ नाही.

सरांनी भिंग धरलं, पान उजेडाकडे फिरवलं आणि म्हणाले, "सात."

नायब तहसीलदारांनी आधीच सांगून टाकलं की वाट खुली करायचा आदेश आज देता येणार नाही, त्याला सुनावणी लागते. पण सही-शिक्क्याची नक्कल देतो आणि सोबत येतो. आम्ही तिघं जीपमधून गावात आलो तेव्हा टेम्पो वस्तीपाशी लागत होता. माणसं फडावरून तशीच उठून आलेली, अंगावर उसाचा पाला, काहींच्या हातात कोयते. नामदेवराव मधे उभे राहिले आणि कोयते टेम्पोतच ठेवायला लावले.

बापूरावांनी नक्कल हातात घेतली, उलटसुलट केली. "मला यातलं काय कळतंय?"

कादरी सरांनी ती वाचून दाखवली. आधी उर्दू, मग मराठी. सर्व्हे नंबर सात. ओढ्याकाठी मरघट. बांधावरून वाट, जुनी वहिवाट. खातेदारास कबूल. आणि खातेदाराचं नाव, वडिलांच्या नावासकट.

बापूराव म्हणाले, "परत वाचा."

सरांनी परत वाचलं.

"आमचा आजा हाय त्यो," बापूराव हळूच म्हणाले. मग ते नायब तहसीलदारांना म्हणाले, "मोजणी आणा. मोजल्याबिगर मी कायबी सोडणार न्हाई. आज जाऊ द्या त्यान्ला." आणि ज्वारीतून घराकडे निघून गेले. काट्या वस्तीतल्या बायांनी ओढून काढल्या.

गौतम माझ्यापाशी आला. डोळे सुजलेले होते.

"मायनं अर्ज दिलता म्हणायची. मग नोंद कावून न्हाई झाली?"

ऑफिसात अशा प्रश्नाला उत्तरं तयार असतात. मोजणी प्रलंबित, स्टाफ कमी, वरून मार्गदर्शन नाही. मी पर्समधून अर्ज काढून त्याच्या हातात दिला.

"माझ्याकडून राहिलं," मी म्हणाले. "मी पुढं काहीच केलं नाही."

त्यानं आईचं अक्षर बघितलं, माझी सही बघितली. कागद परत दिला. "आता करा," एवढंच म्हणाला आणि खांदा द्यायला गेला. ऊन उतरायच्या आत अंत्यविधी झाला. बुद्धवंदना सुरू असताना मी मागं उभी होते. तिथं उभं राहायचा मला किती हक्क होता, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहायला बसले. बीडीओ साहेबांनी फोनवर सुचवलं, त्या जुन्या अर्जाचा उल्लेख कशाला करता, वाद तर मिटलाय. मी उल्लेख केला. महिन्याभरात कारणे दाखवा नोटीस आली. उत्तर एका ओळीत दिलं, माझ्याकडून राहिलं, आणि त्याची नोंद माझ्या सर्व्हिस बुकात झाली.

मोजणी उन्हाळ्यात झाली. बापूरावांच्या ज्वारीचे दोन तास, म्हणजे पेरलेल्या दोन ओळी, मसणवट्याच्या हद्दीत निघाले. ते मोजणीभर हजर होते, आणि अजून माझ्याशी बोलत नाहीत. ग्रामसभेत ठराव झाला, रजिस्टरला नोंद झाली, वाटेसकट.

"मोजणीनंतर" असा शेरा मी आजही लिहिते, कारण नियमच तसा आहे. फक्त पुढं मोजणीची तारीख टाकते. तारीख मिळेपर्यंत अर्ज टेबलावरून उचलून कपाटात ठेवत नाही. टेबल त्यामुळे फार वाईट दिसतं.